मेघाची हद्द कुठे धरायची

ययाती तारकासमूहात, आपल्यापासून सुमारे हजार प्रकाशवर्षांवर, वायू आणि धुळीचा एक प्रचंड मेघ पसरलेला आहे. त्यात नवे तारे जन्माला येताहेत. हा मेघ सगळीकडे सारखा नाही. त्यात दाट जागा आहेत, विरळ जागा आहेत, लांबच लांब धागे आहेत, धाग्यांवर गाठी आहेत आणि काही गाठींच्या पोटात तारे आकार घेताहेत. मग या गाठी एकूण किती? एकेकीचं वस्तुमान किती, आकार किती? ऐकायला हे शाळेतल्या गणितासारखं सोपं वाटतं. पण अख्खी एक पिढी याच प्रश्नाशी झुंजत आली आहे, आणि मला हा प्रश्न आकाशातल्या कुठल्याही सुंदर छायाचित्रापेक्षा जास्त धरून ठेवतो.

मी कळव्याला राहते, पारसिकच्या पायथ्याशी. नोकरी ऐरोलीत, संगणकावरची. आकाशाची ओढ लागली ती खगोल मंडळाच्या वांगणीच्या रात्रींमुळे. ठाण्याहून रात्रीची कर्जत लोकल पकडायची, वांगणीला उतरायचं आणि पहाटेपर्यंत चटईवर पडून नक्षत्रं ओळखायची. कळव्याच्या गच्चीवरून रोहिणी दिसते, कृत्तिका दिसतात, थंडीत मृगाचा बाणही लख्ख दिसतो. आकाशगंगेचा पट्टा मात्र दिव्यांच्या उजेडात बुडालेला असतो. त्यामुळे ज्या मेघांविषयी मी लिहिते आहे ते मला भेटतात आकड्यांतून. जगभरच्या दुर्बिणींची निरीक्षणं आता कोणालाही उतरवून घेता येतात. ययातीतल्या मेघाची निरीक्षणं अशीच मिळाली, आणि रात्री जेवणं उरकल्यावर ती उघडून बसायची सवय लागली.

या मेघांची पहिली अडचण अशी, की त्यांचा मुख्य पदार्थच दिसत नाही. त्यांना रेण्वीय मेघ म्हणतात, कारण त्यांत हायड्रोजन रेणूच्या रूपात असतो, दोन दोन अणू जोडीने. हा रेणू दोन्ही बाजूंनी अगदी सारखा, त्याच्यात विद्युतभाराचा कल कुठल्याच बाजूला नाही. असा रेणू थंडीत जवळजवळ काहीच उत्सर्जित करत नाही. त्याला बोलतं करायला काही शे केल्विन तापमान लागतं, आणि मेघाच्या आत तापमान असतं दहा-वीस केल्विन, म्हणजे शून्याखाली अडीचशे अंशांहूनही थंड. विरळपणाही कल्पनेपलीकडचा. आपल्या खोलीतल्या हवेच्या एका घनसेंटिमीटरमध्ये अडीच लाख कोटी कोटी रेणू असतात. मेघाच्या सर्वसाधारण भागात तेवढ्याच जागेत काही शे. तरीही मेघ इतका अवाढव्य असतो, की एकूण वस्तुमान हजारो सूर्यांइतकं भरतं.

म्हणून सगळा अभ्यास साक्षीदारांच्या भरवशावर चालतो. सर्वांत जुना साक्षीदार म्हणजे धूळ. मेघातली धूळ मागच्या ताऱ्यांचा प्रकाश अडवते आणि आकाशात काळे डाग दिसतात. विल्यम हर्शलला अठराव्या शतकात वृश्चिकाकडची अशी एक जागा आकाशाला पडलेलं भोक वाटली होती. अमेरिकेतल्या एडवर्ड बर्नार्डने या काळ्या जागांची छायाचित्रं घेण्यात आयुष्य घातलं, पण तिथे ताऱ्यांची उणीव आहे की मध्ये काही आडवं आलंय, हे त्याला बरीच वर्षं ठरवता येईना. त्याने स्वतःच लिहून ठेवलं आहे, की १९१३ च्या उन्हाळ्यातल्या एका निरभ्र रात्री तो आकाशगंगेची छायाचित्रं घेत होता, आणि धनु राशीतल्या तेजस्वी पट्ट्यावर आपल्याच वातावरणातले छोटे छोटे ढग आले. पट्ट्यासमोर ते कमालीचे काळे दिसत होते, अगदी त्याच्या डागांसारखे. त्या दृश्याने त्याचं मन वळवलं. १९१९ मध्ये त्याने १८२ काळ्या जागांची यादी प्रसिद्ध केली, आणि त्यांतली नावं आजही वापरात आहेत. बर्नार्ड ६८, बर्नार्ड ५ ही त्या परंपरेतली. इतक्या मोठ्या निरीक्षकाने आपली शंका आणि ती कशी फिटली हे दोन्ही छापून ठेवलं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

दुसरा साक्षीदार भेटला १९७० मध्ये. रॉबर्ट विल्सन, कीथ जेफर्ट्स आणि आर्नो पेंझियास यांनी ॲरिझोनातल्या किट पीकवरची ३६ फुटी दुर्बीण मृगातल्या तेजोमेघाकडे वळवली आणि त्यांना २.६ मिलिमीटर तरंगलांबीवर कार्बन मोनॉक्साइडची रेषा मिळाली. हायड्रोजनच्या साधारण दहा हजार रेणूंमागे हा एखादाच रेणू असतो, पण तो दोन वेगळ्या अणूंचा, म्हणून थंडीतही बोलतो. तो रेडिओलहरींत बोलतो, आणि बोलताना स्वतःचा वेगही सांगतो: वायू आपल्याकडे येत असेल तर रेषा एका बाजूला किंचित सरकते, दूर जात असेल तर दुसऱ्या बाजूला. छायाचित्रात फक्त लांबी-रुंदी असते. या निरीक्षणांत प्रत्येक बिंदूवर वेगांचा एक पूर्ण आलेख असतो. लांबी, रुंदी आणि वेग मिळून एक ठोकळा तयार होतो, आणि गाठी शोधायच्या त्या या ठोकळ्यात. तिसरी बाजू वेगाची आहे, खोलीची नाही, हे मात्र क्षणभरही विसरून चालत नाही. एकामागे एक असलेले दोन वेगळे थर सारख्याच वेगाने चालले असतील तर ते ठोकळ्यात एकजीव होतात. उलट, एकच सलग वस्तू आतून ढवळली जात असेल तर तिचे दोन तुकडे दिसू शकतात.

सुरुवातीला गाठी डोळ्यांनीच ओळखत. नकाशावर सारख्या तेजाच्या रेषा काढायच्या, आणि जिथे बंद वेटोळी दिसतील तिथे नाव द्यायचं. निरीक्षणं वाढली तसं हे काम संगणकाकडे गेलं. १९९० मध्ये युर्गेन श्टुट्स्की आणि रॉल्फ ग्युस्टन यांनी मांडलेली पद्धत अशी होती: ठोकळ्यातलं सर्वांत तेजस्वी टोक घ्या, त्यावर घंटाकृती आकार बसवा, तो वजा करा, उरलेल्यात पुढचं टोक शोधा. काम नेटकं होतं, पण गाठीचा आकार आधीच ठरवून टाकलेला. निसर्गाने तो आकार पाळावा अशी सक्ती कुठे आहे?

जोनाथन विल्यम्स, यूजीन डी ग्यूस आणि लिओ ब्लिट्झ यांनी १९९४ मध्ये ही सक्ती काढून टाकली. त्यांच्या 'क्लंपफाइंड' या प्रोग्रामला आकाराशी देणंघेणं नव्हतं. तो वरच्या पातळीपासून ठरावीक पायऱ्यांनी खाली उतरत जातो, एखादं टोक सुटं दिसलं की नवी गाठ नोंदवतो, आणि दोन गाठी एकमेकींना भिडल्या की मधली जागा जवळच्या गाठीला वाटून देतो. नकाशा पाहताना माणसाचा डोळा जे करतो तेच, फक्त न थकता आणि सगळीकडे एकाच नियमाने.

त्यांनी तो दोन मेघांवर चालवून पाहिला, आणि ती निवड मला फार आवडते. एक रोझेट तेजोमेघालगतचा मेघ, मृगाच्या पूर्वेला, ताऱ्यांच्या जन्माने गजबजलेला. दुसरा मॅडलेनाचा मेघ, तोही प्रचंड, पण तारे जवळपास घडवतच नसलेला. दोघांत फरक काय? गाठींची वस्तुमानं मांडली तर लहान-मोठ्यांचं प्रमाण दोन्हीकडे जवळजवळ सारखंच निघालं. फरक दिसला तो गाठी स्वतःच्या गुरुत्वाकर्षणाने बांधलेल्या आहेत की नाहीत यात. मॅडलेनाच्या मेघातल्या गाठींमध्ये आतली खळबळ गुरुत्वाकर्षणाला जुमानत नव्हती. रोझेटमध्ये काही गाठी बांधलेल्या होत्या, आणि ताऱ्यांचा जन्म तिथेच चालला होता. नुसती गाठींची संख्या घेऊन हे कधीच कळलं नसतं. प्रत्येक गाठीचं वस्तुमान, आकार आणि आतल्या वेगांचा पसारा, तिन्ही मोजले म्हणून कळलं.

पुढची पंधरा वर्षं क्लंपफाइंडची होती. पण त्याच्या पोटात एक आकडा दडलेला होता: पायरीची उंची. ती वापरणाऱ्याने ठरवायची. हाइमे पिनेडा, एरिक रोसोलोव्स्की आणि अलिसा गुडमन यांनी २००९ मध्ये ययातीच्याच निरीक्षणांवर ही उंची पद्धतशीर बदलत नेली. गाठींची संख्या तर बदललीच, शिवाय वस्तुमानांच्या वाटणीचा, म्हणजे लहान-मोठ्या गाठींच्या प्रमाणाचा, जो उतार निसर्गाचा नियम म्हणून मांडला जात होता, तोही पायरीबरोबर हलला. घरच्या संगणकावर मीही तेच करून पाहिलं. पायरी बारीक केली की एका गाठीच्या तीन होतात, मोठी केली की शेजारणी एकमेकींत मिसळून जातात. मेघ तोच, आकडे तेच, प्रोग्राम तोच.

त्या सुमारास समतेज रेषांचा एक कागद माझ्या हातात होता आणि आमच्या इमारतीतले एक काका जिन्यात भेटले. ते भूमी अभिलेख खात्यातून भूकरमापक म्हणून निवृत्त झालेले, उभं आयुष्य मोजणीत गेलेलं. कागद हातात घेऊन त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "अगं, यातली हद्द कायम कोणी केली?"

मी म्हटलं, "काका, प्रोग्रामने. मी सांगितलेल्या नियमाने."

"मग नियम कागदावर कुठे लिहिलाय?"

लिहिलेला नव्हता. ते मला घरी घेऊन गेले आणि कपाटातून आमच्या भागाचा समोच्च रेषांचा जुना नकाशा काढला. "हे बघ," ते म्हणाले, "समज, खाडीचं पाणी चढत चढत पारसिकच्या माथ्यापर्यंत आलं. सगळं बुडालं. आता ते हळूहळू उतरू दे." आणि बोटाने पाणी उतरवू लागले. आधी सर्वांत उंच माथे वर येतील, सुटी सुटी बेटं होऊन. पाणी आणखी उतरेल, बेटं रुंदावतील. मग दोन माथ्यांमधली खिंड उघडी पडेल आणि त्या क्षणी दोन बेटांचं एक होईल. मुंब्रादेवीचा डोंगर आणि पारसिक असे कुठेतरी एकमेकांना मिळतील. पलीकडचं येऊर मात्र वेगळंच राहील. ते मिळायला पाणी पार ठाणे शहराच्या जमिनीपर्यंत खाली यावं लागेल. "डोंगर किती, हे मला विचारू नकोस," काका म्हणाले. "कोणती खिंड किती उंचीवर, ते विचार. ते मी छातीठोक सांगतो."

गुडमन, रोसोलोव्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेघासाठी नेमकं हेच केलं होतं. २००८ मध्ये त्यांनी वृक्षालेखाची पद्धत मांडली. इंग्रजीतला डेंड्रोग्राम हा शब्दच सर्रास चालतो. तेजाची पातळी वरून खाली आणत जायची. प्रत्येक सुटं टोक म्हणजे एक पान. ज्या पातळीला दोन पानं मिळतात तिथे फांदी. फांद्या मिळत मिळत खाली खोड. पानांत काय आहे हे तर कळतंच, पण कोणती गाठ कोणत्या मोठ्या गाठीच्या पोटात आहे आणि ती मोठी आणखी कशाच्या पोटात, हेही कळतं. मेघाचे तुकडे पाडायचे नाहीत. त्याची वंशावळ काढायची. नियम इथेही लागतोच: किती फिकं ते सोडून द्यायचं, टोक शेजारच्या खिंडीपेक्षा निदान किती उंच असलं तर ते खरं मानायचं, किती बिंदूंहून लहान गाठ धरायची नाही. नाहीतर दुर्बिणीच्या प्रत्येक खुसपुशीला पान फुटेल. पण हे आकडे बदलले तर झाडाची बारीक पालवी बदलते. मोठ्या फांद्यांची जोडणी सहसा जागच्या जागी राहते. पायरीची उंची बदलून सगळं चित्र हलणं आणि हे, यांत मला मोलाचा फरक दिसतो.

त्याचा लगेच उपयोगही झाला. ययातीतल्याच एल १४४८ या भागावर त्यांनी झाड बसवलं आणि पानापासून खोडापर्यंत प्रत्येक पातळीला विचारलं, इथे गुरुत्वाकर्षणाचा जोर किती? विचारायची रीत सरळ आहे. एका पारड्यात गाठीतल्या वेगांचा पसारा आणि आकार, दुसऱ्यात वस्तुमान. २००९ मध्ये 'नेचर'मध्ये आलेलं उत्तर असं, की गुरुत्वाकर्षण फक्त लहान गाभ्यांमध्येच नव्हे, तर त्यांना कवेत घेणाऱ्या मोठ्या पसाऱ्यातही महत्त्वाचं आहे. तुकडे पाडणाऱ्या पद्धतीला हा प्रश्न विचारताच येत नाही, कारण तिच्याकडे मोठा पसारा ही वस्तूच उरत नाही. सगळं वस्तुमान शेजारशेजारच्या तुकड्यांत वाटलेलं असतं. काय मोजता येईल हे आधीच्या एका निवडीने ठरून गेलेलं असतं, याचं यापेक्षा स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही.

वस्तुमान मोजणं हा स्वतंत्र डोंगर आहे. कार्बन मोनॉक्साइडच्या तेजाला एका ठरावीक आकड्याने गुणून हायड्रोजन काढतात, आणि आपल्या आकाशगंगेपुरता तो आकडा बराच भरवशाचा आहे. पण तो मोठ्या पसाऱ्याच्या सरासरीसाठी. दाट भागात ही रेषा इतकी गच्च होते, की पुढचा वायू मागच्याला झाकतो. मग त्याच रेणूचे दुर्मीळ भाऊबंद पाहतात, जड कार्बन किंवा जड ऑक्सिजन असलेले. ते कमी असतात, म्हणून मेघ त्यांना पारदर्शक असतो. आणखी आत गेलं की हाही आधार तुटतो. गाभा इतका थंड आणि दाट होतो, की कार्बन मोनॉक्साइड धुळीच्या कणांवर गोठून बसतो. जिथे तारा जन्मणार त्याच जागी साक्षीदार गप्प होतो.

बर्नार्ड ६८ हे त्याचं उत्तम उदाहरण. भुजंगधारीतला हा छोटा काळा गोळा, वस्तुमान सूर्याच्या साधारण दुप्पट. जोआओ आल्वेस, चार्ल्स लाडा आणि एलिझाबेथ लाडा यांनी तो अवरक्त प्रकाशात पाहिला. अवरक्ताला धूळ कमी अडवते, म्हणून दृश्य प्रकाशात ठार काळ्या दिसणाऱ्या गोळ्यामागचे तारे त्यातून दिसू लागतात. प्रत्येक तारा किती लालसर झाला ते मोजलं, की त्या दिशेला किती धूळ आहे ते कळतं. अशा पुष्कळ ताऱ्यांवरून त्यांनी २००१ मध्ये गोळ्याचा काठापासून मध्यापर्यंतचा दाटपणा काढला. दाब आणि गुरुत्वाकर्षण यांचा समतोल साधलेल्या गोळ्यासाठी सिद्धान्ताने कित्येक दशकांपूर्वी काढून ठेवलेल्या वक्राशी तो विलक्षण जुळला. पुढच्याच वर्षी त्याच गोळ्याची रेडिओ निरीक्षणं प्रसिद्ध झाली, आणि त्यांत मध्याकडे कार्बन मोनॉक्साइड नाहीसा होत गेलेला स्पष्ट दिसला. धुळीचा नकाशा हाताशी नसता तर गोळा आतून पोकळ आहे असंही कोणाला वाटलं असतं.

धूळ प्रकाश अडवते तशी स्वतः मंद तेवतेही, दूर-अवरक्त लहरींत. हे तेज वातावरण खाली येऊ देत नाही. आपल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने त्यासाठी एक मीटर आरशाची दुर्बीण बलूनला बांधून हैदराबादहून आकाशात सोडली आणि तारे घडवणाऱ्या कितीतरी प्रदेशांची धूळ मोजली. कुलाब्यातल्या संस्थेने हे केलं याची आठवण आपल्याकडे क्वचित काढली जाते. ती काढायला हवी. २००९ मध्ये साडेतीन मीटर आरशाची हर्शल अवकाश दुर्बीण गेली आणि तिला थंड ठेवणारा हीलियम संपेपर्यंत, २०१३ पर्यंत, तिने या मेघांचे जे नकाशे दिले ते आजही पुरे वाचून झालेले नाहीत.

सगळ्या हद्दी माणसाने ओढलेल्या असतात का? मला बराच काळ तसंच वाटत होतं. मग बर्नार्ड ५ विषयी वाचलं. मेघांत एक जुना नियम आहे. रिचर्ड लार्सनने १९८१ मध्ये तो मांडला: पसारा जितका मोठा तितका आतल्या वेगांचा विस्तार मोठा. म्हणजे खळबळ आत जाताना हळूहळू कमी व्हायला हवी. पिनेडा आणि सहकाऱ्यांनी बर्नार्ड ५ हा गाभा ग्रीन बँकच्या १०० मीटर दुर्बिणीने पाहिला, अमोनियाच्या रेषेत. अमोनिया दाट भागातच चमकतो आणि कार्बन मोनॉक्साइडसारखा लवकर गोठत नाही. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या नकाशात बाहेरची खळबळ ध्वनिवेगापेक्षा जास्त आहे, आतला वायू ध्वनिवेगाखाली शांत आहे, आणि हा बदल ०.०४ पार्सेकपेक्षा कमी अंतरात घडतो (एक पार्सेक म्हणजे सुमारे सव्वातीन प्रकाशवर्षं). पृथ्वी-सूर्य अंतराच्या आठेक हजार पट म्हणजे आपल्याला अफाट, पण मेघाच्या मापात एक रेघ. तिथे पायरीची उंची ठरवावी लागत नाही. वायूनेच हद्द कायम केली आहे. २०१५ मध्ये त्या शांत भागाच्या आत एका आकार घेणाऱ्या ताऱ्याशेजारी तीन आणखी गाठी सापडल्या. त्याही येत्या चाळीसेक हजार वर्षांत तारे होतील असा अंदाज आहे. तो नकाशा पहिल्यांदा पाहिला त्या रात्री मला झोप लागली नाही. आनंद असा होता, की मोजणाऱ्याची निवड बाजूला ठेवूनही तिथे काहीतरी उभं आहे.

काकांना मी हे सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "एकीकडे हद्दीला ओढा आहे म्हणून सगळीकडे ओढाच असेल असं नाही ना." अगदी खरं. ज्या गाभ्यांत अशी रेघ आहे त्यांच्यात आणि ज्यांत नाही त्यांच्यात फरक करणं, हेच आज सर्वांत गरजेचं काम आहे असं माझं मत आहे. कारण या मोजण्यांवर फार मोठी विधानं उभी आहेत. २००७ मध्ये आल्वेस, लोम्बार्डी आणि लाडा यांनी पाइप तेजोमेघातल्या गाभ्यांची वस्तुमानं मांडली, तेव्हा त्यांची वाटणी ताऱ्यांच्या वाटणीसारखीच निघाली, फक्त सगळं सुमारे तिपटीने जड. म्हणजे गाभ्याचा तिसरा हिस्सा तारा होतो आणि ताऱ्याचं वजन जन्माआधीच ठरून जातं, असा त्याचा अर्थ घेतला गेला. विचार देखणा आहे. पण गाभा कुठे संपतो याचा नियम बदलला की वस्तुमान बदलतं, हे आपण पाहिलंच. म्हणून असा निष्कर्ष मी वाचते तेव्हा आधी पद्धतीचा परिच्छेद वाचते.

खोलीची अडचणही आता थोडी सुटू लागली आहे. गाया दुर्बिणीने ताऱ्यांची अंतरं इतकी नेमकी दिली, की त्यांवरून मेघांची खोली काढता येते. मृगातला ओरायन ए हा मेघ आपल्याला त्याच्या खऱ्या लांबीपेक्षा फार आखूड दिसत होता. २०१८ मध्ये कळलं, की त्याची शेपटी आपल्यापासून दूर वळलेली आहे आणि तो चाळीस नाही, सुमारे नव्वद पार्सेक लांब आहे. इतक्या अभ्यासलेल्या मेघाची लांबी दुपटीने वाढते, तर ठोकळ्यातल्या बारीक गाठींबद्दल किती जपून बोलायला हवं!

सध्या सर्वांत गरम वाद आहे धाग्यांच्या जाडीचा. हर्शलच्या नकाशांतून फिलिप आंद्रे, डोरिस अर्झुमानियन आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये दाखवलं, की दाट असोत की विरळ, धाग्यांची जाडी जवळजवळ सारखीच भरते: ०.१ पार्सेक, एका प्रकाशवर्षाचा तिसरा हिस्सा. हे खरं असेल तर मेघात कुठेतरी एक ठरलेलं माप आहे, आणि ते कशामुळे आलं हे शोधायला हवं. जॉर्जिया पानोपुलू आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये आक्षेप घेतला, की दूरच्या मेघांत धागे जाड भरतात आणि जवळच्यांत बारीक, म्हणजे या मापात दुर्बिणीच्या मर्यादेचाही वाटा आहे. आंद्रे यांच्या गटाने उत्तर दिलं. चर्चा चालू आहे.

माझा कल सांगायचा तर, वृषभेतल्या मेघासाठी मी ०.१ पार्सेक मान्य करते. तो साडेचारशे प्रकाशवर्षांवर आहे, तिथे हर्शलला याच्या आठव्या हिश्शाइतका तपशीलही सुटा दिसतो, म्हणून ती जाडी दुर्बिणीची असू शकत नाही. दूरच्या मेघांच्या जाडीसोबत मात्र अंतर आणि दुर्बिणीची मर्यादा एकाच ओळीत छापायला हवी. आणि जाडी नेमकी कशाची, हा प्रश्न वृषभेतही सुटलेला नाही. रोहिणी आणि कृत्तिका जिथे आहेत त्याच बाजूच्या आकाशात या मेघाचा बी २१३ हा लांब धागा आहे. धुळीत तो एक दिसतो. आल्वारो हाकार आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये त्याच भागात वायूचे वेग पाहिले आणि त्यांना तिथे ३५ बारीक धागे मिळाले, बरेचसे एकमेकांना लागून जुडीने असलेले. संगणकीय प्रतिकृती बनवणाऱ्यांचं म्हणणं, की वेगावरून सुटे दिसणारे असे काही धागे प्रत्यक्ष अवकाशात सुटे नसतात. मी आता त्याच धाग्याचे दोन्ही नकाशे उतरवून घेतले आहेत, धुळीचा आणि वायूचा. दोन्हींवर एकाच नियमाने झाड बसवायचं आहे, आणि नियम या वेळी कागदाच्या डोक्यावर, शीर्षकाच्याही आधी लिहिला आहे.